हाफ-ऑर्क का बिघडला?

आपलं नाव काढलं की शहाद्यातल्या चोरांच्या हातातून टॉर्च गळतात, असं हेमकांत सांगत. दुसरं कुणी सांगत नसे. ‘कूलरमधलं पाणी कोण चोरतं’ हा त्यांचा गाजलेला तपास. शेजाऱ्याची कसून उलटतपासणी झाल्यावर टाकीला भोक सापडलं होतं.

म्हणून रुपानं वडिलांना विचारलं ते अगदी नाइलाजानं.

“पप्पा, एक आरोपी शे. त्यानी गावनी विहिरमा जहर टाकं. पण कसाले?”

हेमकांत ताठ झाले. तपासात ते शुद्ध मराठीवर येत. “राहतो कुठं?”

“जंगलमा. पण तो खरा नही शे, पप्पा.”

“म्हणजे फरार!”

रुपानं समजावलं. फासे टाकत, गोष्ट रचत खेळायचा खेळ. त्यातला खलनायक ती घडवत होती. बाप ऑर्क, म्हणजे सुळेवाला राक्षस, आई माणूस, म्हणून हा हाफ-ऑर्क. स्वतः ड्रुइड : झाडांशी बोलणारा, वाटेल तेव्हा अस्वल होणारा मांत्रिक. मागच्या खलनायकाला पाहून मैत्रिणी हसल्या होत्या. त्यांच्यातली महजबीन नोकरीसाठी सुरतेला निघाली होती आणि रविवारचा खेळ शेवटचा. तो फसून चालणार नव्हता.

“आई माणूस, बाप राक्षस,” हेमकांत येरझारा घालू लागले. “उघड आहे. सातबाऱ्यावर नाव लागलं नाही.”

“त्याले जमीन नको, पप्पा. पुरं जंगल त्यानंच शे.”

“मग प्रेमभंग! मुलीनं अस्वल पाहिलं आणि नकार दिला.”

“ती पन अस्वल व्हती ते मंग?”

“मग तिच्या बापानं नकार दिला.” हेमकांत थबकले. “झाडांशी बोलतो म्हणालीस? त्याला झाडांनीच फितवलं. पपईवर माझा पहिल्यापासून संशय आहे.”

रुपाची आई, ममताबाई, भाकरी थापत ऐकत होत्या.

“गावमा लगीन व्हतं,” त्या म्हणाल्या. “त्याले कोन्ही जेवाले बलायं नही. बस.”

“एवढ्यावरून कुणी विहिरीत विष टाकतं?” हेमकांत हसले.

“पुरुषोत्तमनगरना बारसाले तुमले बलायं नही. तवयपाईन त्या रस्तावर तरी जातस का तुम्ही?”

हेमकांतांनी पंख्याकडे पाहिलं. रुपानं पेन उचललं.

रविवारी खलनायकाचा आवाज काढायला हेमकांतच बसले. लग्नाचा मांडव, पंगत बसलेली, आणि दारात तो सुळेवाला उभा. “माझं पान कुठं आहे?” हेमकांत असे गरजले की रुपाची मैत्रीण मयूरी हिच्या हातातला फासा पडला. कुणी हसलं नाही.

सगळ्या महजबीनकडे पाहू लागल्या. खेळात तलवार तिच्याकडे होती. फासा टाकायचा आणि मान उडवायची, एवढंच उरलं होतं.

महजबीननं फासा खाली ठेवला. “मी सरकून जागा करते,” ती म्हणाली. “भाऊ, या ना. बसा जेवाले.”

असं काही होईल हे रुपाच्या ध्यानीमनीही नव्हतं. तिनं वडिलांकडे पाहिलं. हाफ-ऑर्कचे डोळे जरा ओले दिसत होते.

मग घसा खाकरून त्यानं विचारलं, “गोड काय शे?”