चित्रीकरण थांबवू नये

साहेबांच्या खुर्चीवरची उशी नाहीशी झाली, ही बाब कार्यालयाने अत्यंत गांभीर्याने घेतली. साहेब उशीविना बसले त्या दिवसांत एकही कागद पुढे सरकला नाही. उशी असतानाही तो सरकत नसे, पण तेव्हा त्याला कारण नव्हते.

विचारविनिमयाअंती ठरले की, संगणकावरच्या छोट्या कॅमेऱ्याने साहेबांच्या दालनाचे अखंड चित्रीकरण करावे. काम अर्थातच कंत्राटी प्रोग्रामर मॅडमकडे आले. यंदा त्यांना नोकरीत कायम करण्याचे घाटत होते, म्हणून मॅडमनी सासूबाईंची बोलणी खात सुट्टीच्या दिवशी प्रोग्राम लिहिला. तो अगदी साधा होता. कॅमेरा सुरू करायचा, चित्र घ्यायचे, फाइलमध्ये टाकायचे, पुन्हा चित्र घ्यायचे. आणि कुणी थांबवण्याची कळ दाबली की फाइल नीट बंद करायची.

साहेबांना शेवटचे वाक्य खटकले.

"थांबवायची कळ? म्हणजे चोरानं यावं, कळ दाबावी आणि निवांत चोरी करावी, असंच ना?"

आदेश निघाला : कोणत्याही परिस्थितीत चित्रीकरण थांबवू नये. कळफलक कपाटात कुलूपबंद झाला. पुढच्याच आठवड्यात खुर्ची गेली.

दालनाची दुसरी किल्ली मॅडमकडे असे, त्यामुळे संशय त्यांच्यावर आला. त्यांना कायम करण्याचा प्रस्ताव रोखण्यात आला. मॅडम मात्र निर्धास्त होत्या.

"साहेब, कर नाही त्याला डर कशाला? सगळं रेकॉर्ड झालंय."

"मग दाखवा."

"आधी थांबवावं लागेल. बंद केल्याशिवाय ही फाइल उघडत नाही."

"काय बोलताय बाई! घरी दार लावून मग आत जाता का?"

"संगणकाचं असंच असतं, साहेब."

"आणि थांबवलं त्या मिनिटात टेबल गेलं तर?"

मुद्दा बिनतोड होता. हेडक्लार्क अण्णांनी तोडगा काढला : त्या मिनिटापुरता दुसरा कॅमेरा लावावा. तो लावला. पण आदेश त्यालाही लागू असल्याने त्याच्या मिनिटासाठी तिसरा आला, आणि तिसऱ्यासाठी चौथा. ते सगळे बसवले संशयित मॅडमनीच, कारण दुसऱ्या कुणाला येत नव्हते. अखेर तारांचे इतके जंजाळ झाले की साहेबांना खुर्चीऐवजी आणलेले स्टूल दालनाबाहेर न्यावे लागले. रिकाम्या दालनावर आता कडेकोट पहारा होता.

मॅडम रडकुंडीला आल्या. तेवढ्यात पहिल्या संगणकातली जागाच संपली आणि प्रोग्रामने आपण होऊन फाइल बंद केली. आदेश कुणीच मोडला नव्हता. मॅडम धावतच बाहेर आल्या.

"साहेब, उघडतेय फाइल! आता बघा!"

तातडीने समिती बसली. समितीत साहेब आणि अण्णा होते.

"केवढी आहे?" अण्णांनी विचारले.

"कित्येक दिवस-रात्रींची आहे, पण पुढे पळवत बघता येईल."

"पळवत? पुराव्यात काटछाट?" अण्णा दचकले. "पुरावा अथपासून इतिपर्यंत बघायला हवा. पण एवढा वेळ आहे कुणाकडे?"

"मी बघते की!"

"आरोपीनं पुरावा तपासायचा?"

ठराव झाला : पुरावा उपलब्ध व सुरक्षित आहे. तो पाहिल्यानंतर योग्य तो निर्णय घ्यावा. तोपर्यंत मॅडमनी कंत्राटीच राहावे.

मॅडमचा तोल सुटला. "अहो, बघायचंच नव्हतं तर काढलं कशाला?"

साहेब दुखावले. "बाई, तुमच्या लेकीच्या पहिल्या वाढदिवसाला आम्ही आलो होतो. अख्खी संध्याकाळ तुम्ही मोबाइल धरून शूटिंग करत होता. लेक रडायला लागली, तर तिला अण्णांनी कडेवर घेतलं. ते शूटिंग किती वेळा बघितलंत?"

लेक आता तिसरीत होती.

"कुठंतरी असेल जपून ठेवलेलं," त्या पुटपुटल्या.

"मग आम्ही वेगळं काय केलं?" साहेब म्हणाले.

मॅडम आजही कंत्राटी आहेत. हे वाचून जे हसत असतील, त्यांचे स्वतःच्या लग्नाचे शूटिंग पूर्ण पाहून झाले असावे.