वळसंगची मोहीम, अर्थात लाल पोथी सोडविल्याची हकीकत

श्री सिद्धरामेश्वर समर्थ. इयत्ता नववी ब, मागील बाकावरील समस्त सरदारणींनी मधले सुटीत आज्ञा केली की, तुझे थोरले भगिनीने अर्थशास्त्राचा गड कैसा घेतला ते साद्यंत लिहिणे, पदरची भर घालू नये, घातलीच तर हसू येईल ऐसी घालावी. आज्ञा शिरसावंद्य मानोन, चिंचा खाणे तूर्त तहकूब करोन, कलम चालविले असे.

शके अठराशे सत्त्याण्णव, चैत्र मास. सोलापुरी ऊन ऐसे की रस्त्याचे डांबर चपलेस धरोन ठेवी. त्या समयी दाक्षायणी अक्का एम.ए. अर्थशास्त्र, भाग पहिला, या मोहिमेवर दुसरियांदा निघाल्या होत्या. पहिले स्वारीत, ऑक्टोबर मासी, एका पेपरात शंभरापैकी एकतीस गुण घेवोन माघार जाहली, आणि त्याजवर आमचे तीर्थरूप मल्लिकार्जुनप्पा, चादरीचे दुकानाचे धनी, यांणी भर पंगतीत फर्मान काढिले की, ह्या खेपेस पेपर निघाला नाही तर एम.ए. बंद, आणि दाक्षायणीची रवानगी बार्शीस, मावशीचे शिवणक्लासात. अक्कांस सुईत दोरा ओवता येत नाही हे सकळांस ठावे. सबब प्रसंग प्राणांतिक होता.

सोमवारी लढाई. अक्कांचे हाती शस्त्र एकच, ते कॉलेजचे लायब्ररीतील जाडजूड लाल पुस्तक, भाषा इंग्रजी, साऱ्या लायब्ररीत प्रत एक. ते बहुत मिनतवारीने चार दिवसांचे बोलीवर आणिले होते. आणि शुक्रवारी अक्का न्हावयास गेल्या, आणि माघारी आल्या तो पुस्तक नाही!

मग घरात हलकल्लोळ जाहला. कपाट उलथे केले, गाद्या झाडल्या, आमचे दप्तराचीही झडती जाहली (त्यात भलतेच जिन्नस निघाले, ते येथे लिहीत नाही). अखेर मुदपाकखान्याच्या सरलष्कर गौरम्मा आत्या शांतपणे वदल्या, "ते तांबडं व्हय? ते म्या भाकरीवर ठेवलं की."

खुलासा ऐसा की, वळसंगचे कल्लप्पा मामा बाजारास आले होते आणि पाहुण्यास मोकळे हाती धाडणे आत्यांचे दौलतीत बसत नाही. त्यांणी कडक भाकरीची चाळीस पानांची चवड बांधिली, आणि भाकरी ती कागदासारखी पातळ, एस.टी.चे धक्क्यांनी चुरा होईल, म्हणोन वरी सपाट आणि जड वस्तू पाहिजे. घरात अर्थशास्त्राहून जड काय आहे? पांढरे फडक्यात भाकरी, भाकरीवर पुस्तक, वरी गाठ, आणि सारा सरंजाम दुपारचे गाडीने वळसंगी रवाना!

अक्कांनी भोकाड पसरिले. आम्ही मसलत दिली की रडणे सोमवारी, आज कूच. परंतु दिवस मावळला होता, सबब शनिवारी पहिले एस.टी.ने खाशी स्वारी निघाली: अक्का, मागे आम्ही, आणि आमचे हाती शेंगाचटणीचा डबा, तहाची बोलणी लागली तर असावा म्हणोन.

वळसंगी पोहोचतो तो काय देखावा! पुस्तक देव्हाऱ्यात. वरी भस्माचे तीन पट्टे, मोगऱ्याची माळ, पुढे उदबत्ती. मामांच्या मातुश्री, आमच्या आज्जी निंगव्वा, यांणी गाठ सोडिली, पांढरे फडके पाहिले, जाड ग्रंथ पाहिला, उघडोन आत एकमेकांस छेदणाऱ्या वाकड्या रेघा पाहिल्या आणि निकाल दिला की, आत पूजेची यंत्रे आहेत, ही गौरम्माने धाडलेली पोथी! गल्लीतल्या बाया वाचनास बोलाविल्या, परंतु लिपी कोणास लागेना.

"आज्जी, ती पोथी न्हाई, माझं परीक्षेचं पुस्तक हाय," अक्का काकुळतीस आल्या.

"मग वाच की. परीक्षा बगणारा त्योच वर बसलाय. पूजा झालेली पोथी वाचल्याबिगर उंबरा वलांडत न्हाई. बस हितं."

हुकूम जाहला की एक अध्याय वाचावा, अर्थ सांगावा आणि तो बायांस पटला तरच पोथी सुटेल. अक्कांनी इकडे पाहिले, तिकडे पाहिले, चटणीचा डबा पुढे केला. डबा आत गेला, पोथी बाहेर आली नाही. मग अक्का पाटावर बसल्या, सोळा बाया समोर बसल्या, आणि मागणीचा अध्याय सुरू जाहला. अर्थ सांगितला की, वस्तूचा भाव चढला की लोक ती कमी घेतात.

"खोटं हाय," मागून आवाज आला.

ही चांगुणाबाई. तीन सालांमागे दुष्काळात खडी फोडावयास जात होती.

"जोंधळा महागला तवा आमी जोंधळा जादाच घेतला की. भाजी सुटली, गूळ सुटला, च्यातलं दूध सुटलं. मग प्वाट कशानं भरायचं? दोन भाकरी जादा. तुज्या पोथीला इचार."

अक्कांनी पोथी जवळ ओढिली. मग अधाशासारखी पाने उलटू लागल्या. पुढे तेच होते! गरिबाचे मुख्य अन्न महागते आणि तो तेच अधिक घेतो, ऐसा एका विलायती साहेबाचे नावचा विरोधाभास. ऑक्टोबरात अक्का याच प्रश्नावर पडल्या होत्या, चौदा ओळी घोकोन, अर्थ शून्य. आता अक्का एकदम हसू लागल्या आणि चांगुणाबाईंचे हात धरोन गदागदा हलवू लागल्या. बायांस वाटले, पोरीच्या अंगात आले. निंगव्वा आज्जींनी कपाळी भस्म लाविले आणि पोथी सोडिली.

सोमवारी रण माजले. तिसरा प्रश्न तोच! मग अक्कांची लेखणी ऐसी सुटली की पुरवण्यांवर पुरवण्या जोडिल्या, आणि शेवटी दाखला दिला: "आधार: चांगुणाबाई, मु. वळसंग, दुष्काळ साल." परीक्षकांचे मनी काय आले ते बखरीस ठावे नाही.

जून मासी निकाल लागला. त्या पेपरात गुण बासष्ट! तीर्थरूपांनी चष्मा पुसोन कागद दोनदा वाचला, बार्शीची रवानगी रद्द केली, आणि भाग दुसऱ्याची परवानगी मागण्याआधीच दिधली. लाल पुस्तक मुदतीत लायब्ररीस पोहोचले होते, भस्म पुसले तरी मोगऱ्याचा वास राहिला तो राहिलाच.

मग पेढे घेवोन आम्ही वळसंगी गेलो. चांगुणाबाईंनी सारा वृत्तांत ऐकिला, पेढा तोंडात टाकिला, आणि पदराने ओठ पुशीत म्हटले, "म्हंजी म्याच पास झाले म्हणा की!"

सबब नोंद ऐसी की, अर्थशास्त्राचा गड शनिवारी दुपारी वळसंगी चांगुणाबाईंनी घेतला, आणि सोमवारी दाक्षायणी अक्कांनी त्यावर निशाण लाविले. घंटा जाहली, बाई वर्गात येत आहेत. कलम ठेविले.