कच्ची कुरडई

आमच्या जयेंद्रगंजात अण्णाकाका दारात दिसले की बायका आधीच विचारतात, "काका, कच्चीच ना?" काकांना कुरडई खायला नको असते. ती त्यांना चित्रात बसवायची असते.

अण्णाकाका निवृत्त चित्रकलाशिक्षक. त्यांच्या चित्रांत माणूस नाही, झाड नाही, घोडा तर नाहीच. नुसते रंग, तेही वाळू कालवून थापीने लिंपलेले. "हे काय आहे?" असं कुणी विचारलं की काका त्याचा हात धरून चित्रावर फिरवतात. "रंग बोटांनी बघायचा, समझे?" त्यांच्याकडे जाताना मी चांगली साडी नेसत नाही.

त्यांचं सगळ्यात लाडकं चित्र मात्र अर्धं माईकाकूंचं, म्हणजे त्यांच्या बायकोचं. एका उन्हाळ्यात काकांनी पिवळ्या रंगाने माखलेला कॅनव्हास गच्चीवर वाळत टाकला होता. काकूंचा चष्मा खाली राहिलेला. प्लास्टिकचा कागद समजून त्यांनी त्यावर कुरडयांची अख्खी रांग घातली. काकांनी वर येऊन आधी कपाळाला हात लावला, मग उकिडवे बसून बघतच राहिले. "आता हात लावू नको! ऐसी लकीर जिंदगीभर मला जमली नाही." कुरडया तशाच चिकटल्या, वाळल्या, वर वार्निश चढलं. "माझा चीक फुकट गेला," एवढंच काकू म्हणाल्या.

आता काकू नाहीत. या उन्हाळ्यात चित्रातली एक कुरडई निखळून पडली, तिचा चुरा झाला, आणि काका तशीच दुसरी शोधत घरोघर फिरू लागले. एका घरी कौतुकाने तळून आणली, तर ओरडले, "तळलीत कशाला? तळली की रेषा फुगते!" दाल बाजारातलं पाकीट उघडून परत केलं. "मशीन की है, हिच्यात हात नाही." माझ्या नणंदेची कुरडई फार शिस्तीची निघाली.

शेवटी मीच करून नेली. मी कुरडया शिकले त्या काकूंच्याच गच्चीवर, त्यांच्याच सोऱ्याने. काकांनी ती रिकाम्या जागी धरली. बरोब्बर बसली. मी खूश! काका तिच्यावरून बोट फिरवत राहिले, मग शेजारच्या कुरडयांवरून, मग पुन्हा तिच्यावरून. आणि त्यांनी ती माझ्या हातात परत दिली.

"काय झालं काका? बसत नाही?"

"बिलकुल बसते. म्हणून तर नको." ते चित्राकडेच बघत होते. "उद्या मलाच कळलं नाही, यातली तिची कुठली, तर?"

मी कुरडई जपून ओंजळीत धरली.

"जागा राहू दे रिकामी," काका म्हणाले. "ही तळ, दोघं खाऊ. आज फुगली तरी चालेल."