ओढ की पळ?

नवीन माणूस भेटला की त्याचं नाव-गाव विचारायची आपल्याकडे रीत आहे. आमच्या शेजारचे नाना विचारतात, "ओढ की पळ?" माझे होणारे जावई पहिल्यांदा पेणला आमच्याकडे आले, तेव्हा नानांनी कुंपणावरून त्यांना हाच प्रश्न टाकला. बिचाऱ्यांना वाटलं, म्हातारा 'पळ' म्हणतोय. ते चपला शोधायला लागले.

नानांचा प्रश्न मोटारीच्या मागच्या एक्सलचा आहे. मागच्या दोन चाकांच्या मधोमध एक लोखंडी भोपळा असतो. त्याच्या पोटात दोन दातेरी चक्रं असतात, लहान ते पिनियन आणि मोठं ते क्राऊन. लहानाचे दाते दहा आणि मोठ्याचे त्रेचाळीस असले, तर तो जोड 'दहा-त्रेचाळीस'. ही गाडी चढाला मुकाट ओढते, पण सपाटीला जरा वेग घेतला की इंजिन बोंबलतं. मोठ्याचे एकोणचाळीसच असले तर सपाटीला मजेत पळते, आणि चढ आला की धापा टाकते. या हिशेबाला नाना 'रेशो' म्हणतात. "ओढ आनि पळ, दोनी एकदम देवानं कुनालाच दिलं नाय, मास्तर," हे त्यांचं एकमेव तत्त्वज्ञान.

त्यात त्यांनी सगळं जग बसवलंय. आमची ही दहा-त्रेचाळीस. "वयनींनी संसार ओढलाय." मी एकोणचाळीसवाला. "तुम्ही सपाटीला झ्याक. चढ आला की वयनींना हाक मारता." तीस वर्षं गणित शिकवलेल्या माणसाने हे ऐकून घ्यायचं, तेही पाहुण्यांसमोर. बायको मात्र हे ऐकलं की त्यांच्या चहात साखर वाढवते.

नाना कंपनीतून फिटर म्हणून रिटायर झाले. लग्न केलं नाही. घरात ते, एक रेडिओ, आणि अंगणात एक जुनी फियाट. फियाट म्हणजे वरून फियाट. आत भंगारात निघालेल्या एका व्हॅनचं डिझेल इंजिन, पाच गिअरचा खोका, चाकंही थोडी मोठी. हे सगळं नानांनी स्वतः, हौसेने आणि सुबकपणे बसवलं. शेजारीच गणपतीचा कारखाना आहे. तिथली पांढरी धूळ बॉनेटवर बसायची आणि ती रोज सकाळी नाना धोतराच्या मऊ फडक्याने पुसायचे. गाडीत सगळं होतं, फक्त मागच्या भोपळ्याचं पोट रिकामं होतं. रेशो ठरत नव्हता. दोन्ही जोड तेलकट फडक्यांत गुंडाळून देव्हाऱ्याच्या खालच्या खणात ठेवलेले. तीन गणपती आले नि गेले, गाडी चार ठोकळ्यांवर तशीच उभी.

कुणी दुसऱ्याच्या गाडीचा रेशो विचारला तर नाना अर्ध्या तासात सांगत. मला एक चाक घट्ट धरून बसवायचे, दुसरं चाक स्वतः दोन फेरे फिरवायचे आणि मधल्या शाफ्टवर खडूची खूण करून त्याचे फेरे मोजायचे. "सव्वाचारच्या वर जरासा. दहा-त्रेचाळीस." उत्तर कधी चुकलं नाही. चाकाचं वंगण माझ्या सदऱ्याला लागलं नाही असंही कधी झालं नाही.

संध्याकाळी खाडीकडून वारा सुटला की नाना मला गाडीत बोलवायचे. ते स्टिअरिंगवर, मी शेजारी. गाडी ठोकळ्यांवर. नाना डोळे अर्धे मिटून निघायचे.

"वडखळ गेलं. अलिबागवाले गेले तिकडं, आपन सरळ. आता सपाटी हाय, मिठागरं बघा कशी चकाकतायत." तोंडाने इंजिनाचा बारीक घुमारा. "नागोठणं. आता रोह्याच्या रस्त्याला लागलो. निडीची शेतं लागली." त्या वेळी खरंच वाटायचं, खिडकीबाहेरची आमची तगरीची झुडपं हळूहळू मागे सरकतायत. एकदा मी चक्क खिडकीची काच वर केली, धूळ येईल म्हणून. पेन्शनीत निघालेला माणूस अशा प्रवासाला सहज फसतो.

रोह्याच्या अलीकडची खिंड आली की मात्र नाना डोळे उघडायचे, खाली उतरायचे आणि वही काढायचे. पुन्हा त्रेचाळीस, पुन्हा एकोणचाळीस. रोह्याला आम्ही कधीच पोचलो नाही.

"हितं उतरवलं व्हतं तिला," एकदा त्यांनी सांगितलं.

ती म्हणजे त्यांची थोरली बहीण, अक्का. आईमागे हिनेच नानांना वाढवलं. ती रोह्याला, कुंडलिका नदीपलीकडच्या अष्टमी गावात दिली. लग्नानंतर वरात पेणहून भाड्याच्या फियाटमधून निघाली. पाठराखणीला आठ वर्षांचे नाना, मांडीवर लाडवांचा डबा घेऊन. खिंडीत गाडी धापा टाकायला लागली. ड्रायव्हर म्हणाला, बायका-पोरं उतरा, चढाला गाडी ओढत नाय. नवी नवरी शालू सावरत भर उन्हात खिंड चढली.

"नवरीला चालवली, मास्तर. तवाच ठरवलं. आपली गाडी करीन, पन अक्काला पुन्हा खिंडीत उतरू देनार नाय."

आता अक्का अठ्ठ्याहत्तरच्या. गुडघे गेलेले, रेल्वेचा जिना चढवत नाही. नाना दर महिन्याला जाऊन भेटून येतात, पण अक्कांना एकदा पेणला यायचं होतं. त्यांचा मुलगा नव्या गाडीतून सोडायला तयार होता. अक्कांचं एकच, येईन तर नारूच्या गाडीतनं. नारू म्हणजे आमचे नाना. त्रेचाळीस बसवावा तर खिंड चढेल, पण महामार्गावर इंजिन बोंबलून अक्कांचं डोकं उठेल. एकोणचाळीस बसवावा तर प्रवास सुखाचा, पण खिंडीचा भरवसा नाही. वहीची पानं भरत होती आणि अक्का थकत होत्या.

यंदा आषाढात एका बारशासाठी मला रोह्याला जायचं होतं. नानांनी अक्कांसाठी पोह्याचे पापड दिले. अष्टमीत घर शोधत गेलो. अक्का ओटीवर बसल्या होत्या, अगदी वाळल्या होत्या. पापड बाजूला ठेवून पहिला प्रश्न:

"गाडी झाली का त्याची?"

"रेशो ठरत नाही त्यांचा," मी म्हटलं आणि मास्तरकीला जागून ओढ म्हणजे काय, पळ म्हणजे काय, सगळं समजावलं. दाते हवेत काढून दाखवले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"मास्तर, या वयात मला कुठं वो पळायचंय? ओढच घाल म्हनावं. ओढ हाय म्हनून तर यायचंय." मग गुडघ्यावर हात ठेवून, "पाय हायत तवर ने म्हनावं."

इतकी वर्षं हा शब्द कानांवर पडत होता आणि माहेरची ओढही तीच, हे माझ्या टाळक्यात शिरलं नव्हतं.

पेणला येऊन मी निरोप जसाच्या तसा सांगितला. नाना गाडीजवळ एका सुट्या ठोकळ्यावर बसले होते. ते नखांतलं वंगण खरवडायला लागले.

"मला ठाऊक व्हतं वो, त्रेचाळीसच बसनार," ते म्हणाले. "पन बसवला की गाडी व्हनार. गाडी झाली की अक्का येनार. आली की चार दिवसांनी परत जानार. मग मी काय करू?"

मी दुसरा ठोकळा ओढून त्यांच्या शेजारी बसलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी पान्याचा आवाज आला. दाते एकमेकांत नीट बसतायत का, हे बघायला त्यांना रंग लावून चक्र फिरवतात. नानांनी शेजारच्या कारखान्यातून गणपतीच्या पितांबराचा पिवळा रंग आणला. दोन्ही चक्रांवर पिवळा ठसा जिथे हवा तिथे उमटला, तेव्हा नानांनी त्याला हात जोडले. मीही जोडले, कारण तिथे नक्की कुणाला नमस्कार चाललाय याची खात्री नव्हती.

गणपतीच्या आधी चार दिवस आम्ही खरोखर निघालो. वडखळ खरोखर गेलं, नागोठणं गेलं. मला ठोकळ्यांवरचा प्रवास जास्त आरामाचा वाटला, पण बोललो नाही. अष्टमीत अक्का सकाळपासून इरकली नेसून बसल्या होत्या. त्यांना पुढे बसवलं. मी मागे, मांडीवर त्यांची पिशवी आणि पाण्याचा तांब्या.

खिंड आली. नाना दुसऱ्या गिअरवर होते, हात गिअरला लागलाच नाही. गाडी एका सुरात चढत राहिली, ना धक्का ना धाप. झाडांची सावली काचेवरून सरकत होती आणि आरशात मला नानांचे डोळे दिसत होते. साठ वर्षांचा चढ होता तो. माथा आला तेव्हा त्यांनी मोठ्याने श्वास सोडला.

"नारू, थांबव," अक्का म्हणाल्या.

नानांनी गाडी कडेला घेतली. "काय झालं? डोकं उठलं का?"

"उतरव मला. मला चालायचंय."

"अक्का, गाडी चढली की सगळी. तुला उतरायला लागू नये म्हनून तर..."

"व्हय रं. पन त्या दिवशी गाडी ओढली नाय, म्हनून तेवढी वाट तुझ्यासंगती चालले. तू पदर धरला व्हतास. वर पोचलो तवा वाटलं, अजून थोडा चढ असता तर बरं झालं असतं. पुढं सासर व्हतं."

नाना खाली उतरले. दार उघडून त्यांनी अक्कांना उतरवलं. गुडघे दुखणारी बहीण आणि अडुसष्ट वर्षांचा भाऊ खिंडीच्या कडेने वीस-पंचवीस पावलं गेले असतील. मागून एक टेम्पो हॉर्न वाजवत गेला, तिकडे दोघांनीही पाहिलं नाही. ते परत वळले तेव्हा मला दिसलं, नानांच्या मुठीत इरकलीचा पदर होता.

अक्कांना बसवून नाना गाडीला वळसा घालून माझ्या खिडकीशी आले. हात पुसायच्या फडक्याने नाक पुसलं, त्यामुळे नाक काळं झालं.

"मास्तर," ते हळूच म्हणाले, "रेशो चुकला. एकोणचाळीस बसवायला हवा व्हता."