आबा परबांचं गाऱ्हाणं

आमच्या मुलुंडच्या सोसायटीत लिफ्ट बंद पडली की लोक आधी पहिल्या मजल्यावरच्या आबा परबांना बोलावतात. आबा लिफ्टच्या दारासमोर हात जोडून उभे राहतात आणि खणखणीत मालवणीत गाऱ्हाणं घालतात, "बा देवा म्हाराजा, ही जी काय लिफ्ट मधीच अडाकली हा, तिका वाट दी रे म्हाराजा!" मागे उभे असलेले आम्ही सगळे, त्यात दुसऱ्या मजल्यावरचे शहासुद्धा, एका सुरात म्हणतो, "व्हय म्हाराजा!" मग कुणीतरी मेकॅनिकला फोन करतं.

गावी देवासमोर सगळ्यांच्या वतीने मागणं मागायचं, हे आबांच्या घराण्याचंच काम. मुंबईत गाव नाही, म्हणून त्यांनी सोसायटी धरली. बारावीची पोरं, शहांचा मुतखडा, माझं प्रमोशन, आबा सगळ्यांसाठी मागत आले. मुतखडा पडला. प्रमोशन अजून देवाच्या विचाराधीन आहे.

आबांची दुसरी सवय संध्याकाळची होती. ती बाटली दर गणपतीत बंद व्हायची आणि विसर्जनाला उघडायची. शेवटी त्यांच्या लेकीनं, सायलीनं, सासरहून फोन केला. "बाबा, मीटिंगला जाऊन चार लोकांत स्वतःच्या तोंडानं सांगा. तोवर मी बाळंतपणाला माहेरी यायची नाही." तिला सातवा लागला होता.

दारू सोडणाऱ्यांची मीटिंग आमच्या मागच्याच गल्लीत, शाळेच्या एका वर्गात भरते. आबा म्हणाले, "थंय नको. कोणी बघल्यान तर?"

"आबा, तुम्हाला जिन्यावरून उचलून आणताना अख्ख्या सोसायटीनं बघितलंय," मी म्हणालो.

"तां वेगळा. पिताना बघल्यानी तां बघल्यानी. सोडताना कोणी बघूक नको."

तेव्हा लांबची मीटिंग शोधायचं ठरलं. सोबतीला मी, कारण माझ्या बायकोनं परबकाकूंना परस्पर सांगून टाकलं होतं की ह्यांना रविवारी काही काम नसतं. पहिल्या रविवारी आम्ही घाटकोपर गाठलं. दारातूनच आबा मागे फिरले. "तो कोपऱ्यातलो बघ. त्येचे कान आमच्या गावचे दिसतत." आम्ही वडापाव खाऊन परत आलो.

पुढच्या रविवारी मेट्रो पकडून अंधेरीला गेलो. इंडस्ट्रियल इस्टेटच्या मागे एक हॉल होता. दारात एक टक्कल पडलेले हसतमुख गृहस्थ होते. त्यांनी आम्हा दोघांकडे पाहिलं. आबा इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात, कपाळाला गंध, ताठ. मला सर्दी झालेली, डोळे लाल, नाक त्याहून लाल, शर्टाचं मधलं बटण पोटानं हाकलून दिलेलं. गृहस्थांनी माझा हात हातात घेतला. "या. पहिलं पाऊल सगळ्यात अवघड असतं."

मी तोंड उघडायच्या आत आबा म्हणाले, "व्हय. मीच घेऊन इलंय ह्या शिंद्याक. बायको लय सोसता बिचारी."

मला पहिल्या रांगेत बसवून चहा दिला. मी दारू पीत नाही म्हटल्यावर शेजारच्या बाई मायेनं म्हणाल्या, "सुरुवातीला सगळे असंच म्हणतात." झालं. पुढचे सगळे रविवार मी अंधेरीचा अधिकृत बेवडा होतो. बायकोला सांगितलं, तर ती भाजी निवडता निवडता म्हणाली, "दारूचं खोटं आहे. पण सोसते ते खरंच ना?"

आबा एकही मीटिंग चुकवत नव्हते. बाटलीलाही शिवले नव्हते. पण स्वतःबद्दल अक्षर नाही. सायली मला फोन करायची. "काका, बोलले का बाबा?"

"बोलतात ना. माझ्याबद्दल."

तिला आठवा सरत आला, तेव्हा एका रविवारी ते टक्कलवाले गृहस्थ म्हणाले, "परब, दर वेळी मित्राला घेऊन येता. आज तुम्हीच दोन शब्द बोला."

आबा उभे राहिले. त्यांना चार लोकांत बोलायची एकच पद्धत ठाऊक. हात आपोआप जोडले गेले. "बा देवा म्हाराजा, आज ही जी काय लेकरां हयसर जमली आसत, त्येंच्या वाटेत जो गुत्तो येयत, तेचा तोंड दुसरीकडे फिरव रे म्हाराजा!"

मग मागच्या रांगेतून एक बारीक आवाज आला, "व्हय म्हाराजा." कोकणातला असणार. दुसऱ्या मागण्याला अर्धा हॉल म्हणाला, तिसऱ्याला सगळा. आबांनी टक्कलवाल्यांच्या गुडघ्यासाठी मागितलं. ज्यांचा मुलगा त्यांच्याशी बोलत नव्हता, त्या बाईंसाठी मागितलं. "ह्या शिंद्याची बाटली सुटांदे रे म्हाराजा," म्हणाले, तेव्हा मीही जोरात "व्हय म्हाराजा" म्हणालो. "माझ्या चेडवाक, सायलीक, सुखरूप मोकळी कर रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा!"

"आणि..."

आबा थांबले. हात जोडलेले, ओठ हलत होते, पण शब्द फुटत नव्हता. तेव्हा माझ्या लक्षात आलं. या माणसानं जन्मभर सगळ्यांसाठी मागितलं होतं. त्याच्यासाठी कधी कुणी उभंच राहिलं नव्हतं.

मी उठलो. मी साताऱ्याचा. माझं मालवणी ऐकून देवानं कानावर हात ठेवावेत असं. "बा देवा म्हाराजा, हा जो काय आबा आहे... त्याला पण सोडव रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," हॉल म्हणाला. जरा हळूच.

आबांनी हात खाली घेतले. "बाटली माजी आसा," ते म्हणाले. "शिंदो फकस्त च्या पिता."

बाहेर आल्यावर त्यांनी सायलीला फोन लावला. ती काय बोलली कळलं नाही. आबा नुसते "व्हय, व्हय" म्हणत होते. मग फोन खिशात टाकून माझ्याकडे वळले.

"मेल्या, 'हा जो काय आबा' म्हणतस? मी काय लिफ्ट आसंय?"

मेट्रोच्या जिन्यापाशी मात्र ते थबकले. "फुडल्या रविवारी मुलुंडाकच जाऊया."

"कुणी बघितलं तर?"

"बघूंदेत," आबा म्हणाले. "व्हय म्हणाक कोणतरी होयो."