गफारचाचांची विलायती पारख

"आधी वाचा, मंग गाडी!"

गफारचाचा ओरडले आणि पुसदच्या स्टँडवर उभी असलेली एसटी दचकून दोन हात मागे सरकली. बिचारे बँकेचे साहेब ब्रेकची तार बदलायला आलेले. आता तेलकट बाकावर बसून अमेरिकन कॉमिक वाचत होते आणि पानापानाचं मराठी करून सांगत होते. चाचांच्या गॅरेजचा कायदाच तसा.

चाचांना इंग्रजी येत नाही. कॉमिकची पेटी चाचींची, माहेराहून आणलेली. दुपारी त्या वाचून सांगायच्या. कुठली गोष्ट अमेरिकेतल्या माणसानं लिहिली आणि कुठली इंग्लंडहून बोलावलेल्या लेखकानं, हेही सांगायच्या. चाची गेल्या. पेटी राहिली, आणि चाचांची पारख.

"बिल्डिंग पडली अन् हिरो छाती काढून उभा, तर अमेरिकावाला," ते साहेबांना समजावत होते. "हा मलबा आता कोन उचलन, असा इचार करत बसला, तर विलायतवाला. अमेरिकावाला मेलेल्याले पुढच्या अंकात वापस आनते. विलायतवाला नाही आनत. यायनं तिकडं जाऊन त्या हिरो लोकायची झोप उडवली, साहेब."

मी बंजारा तांड्यावरचा, घरात आमची गोरबोली. पण माझी मोपेड इतकी इमानेइतबारे बंद पडायची, की त्या बाकावर मी अख्खी अमेरिका वाचून काढली. आज यवतमाळला कॉलेजात इंग्रजी शिकवतो, ते त्या कार्बोरेटरच्या आणि चाचांच्या कृपेनं.

परवा भेटायला गेलो. चाचांनी पेटीच्या तळातून एक जाड अंक काढला. "हे तिनं अर्ध्यात सोडलतं. मंग बिमारच पडली. हिरोची बायको मेली, इथपर्यंत झालतं. वापस येते का, तेवढं सांग."

मी वाचू लागलो. हिरो रोज सकाळी दोन कप चहा करतो, एक तिच्या खुर्चीसमोर ठेवतो.

"चहा?" चाचा म्हणाले. "मंग विलायतवालाच."

शेवटचं पान आलं. खुर्ची रिकामी, कपावर साय. मी वर पाहिलं. चाचांच्या हातातला पाना थांबला होता.

"येते, चाचा," मी म्हणालो. "दार वाजते, अन् ती दारात उभी."

चाचा फडक्यानं पाना पुसू लागले.

"विलायतवाला असं लिहीत नाही," ते म्हणाले. "पुन्हा वाच."