कापसाच्या लायनीत दोन कयाक

कयाकचं तोंड वर ठेवायचं की खाली, एवढाच प्रश्न होता. गॅरेजवाला जलालभाई म्हणाला खाली. मी म्हणालो वर. गाडीचं भाडं मी देणार होतो, म्हणून वर ठरलं. पुढचं सगळं या एका निर्णयातून झालं, असं माझी बायको नलू आजही येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते. (येणारे-जाणारे आमच्याकडे फार नाहीत. पण जे येतात त्यांना चहाच्या आधी ही गोष्ट मिळते.)

कयाक म्हणजे एक लांबोडकी, दोन्ही टोकांना निमुळती होडी. मधोमध माणूस बसेल एवढं मोठं भोक, पाय आत पोकळीत सरकवायचे आणि दोन्हीकडे पातं असलेलं वल्हं मारत सुटायचं. यवतमाळात ती कुठून आली म्हणाल, तर योजनेतून. मी ज्या कार्यालयात कनिष्ठ लिपिक आहे (नाव सांगत नाही, पेन्शन बाकी आहे) तिथं एका वर्षी जलक्रीडेच्या योजनेत दोन कयाक आल्या. योजनेत प्रशिक्षण होतं, उद्घाटनाचा नारळ होता, फक्त तलाव नव्हता. नऊ वर्षं दर मार्चला मी रजिस्टरात लिहीत आलो, 'कयाक, नग दोन, सुस्थितीत.' सुस्थितीत राहणारच. त्यांना पाणी कुठं लागलं होतं? दहाव्या वर्षी त्या भंगारात निघाल्या. भंगारवाल्यानं टिचकी मारून पाहिली, लोखंड नाही म्हणाला आणि निघून गेला. मी घेऊन आलो.

घेतल्या त्या नलूसाठी. लग्न झाल्या झाल्या आम्ही नागपूरला तलावावर गेलो होतो. होडीत बसायची तिची फार इच्छा. मला पाण्याची भीती (हे तेव्हा तिला सांगितलं नव्हतं, आता सांगावं लागत नाही), म्हणून मी म्हणालो, "पुढच्या वर्षी बसू." नलू काठावर बसून फुटाणे खात राहिली. त्या 'पुढच्या वर्षी'ला येत्या डिसेंबरात वीस वर्षं होणार होती. माणसानं दागिने मागितले, बंगला मागितला, तर नाही म्हणता येतं. ही बाई वीस वर्षं एकदा पाण्यावर बसव म्हणत होती.

कयाक बारा फुटांची आणि आमची बैठकीची खोली दहा फुटांची. एक कयाक खिडकीतून दोन फूट बाहेर राहिली. त्या दोन फुटांवर शेजारच्या जैबुनबी कपडे वाळत घालू लागल्या. दुसरी पलंगाखाली सारली, तिचं टोक स्वयंपाकघराच्या दारात निघालं, त्याला ठेचकाळून माझा अंगठा कायमचा निळा झाला. नलूनं आठच दिवसांत एकीत कांदे आणि दुसरीत तुरी भरल्या. "उंदीर लागत नाही जी," ती म्हणाली. पहिल्यांदाच त्या कयाकचा कोणाला तरी उपयोग झाला होता.

त्यात रविवारच्या पुरवणीत मी एक फोटो पाहिला. परदेशातलं एक जोडपं, त्यांचं चाकावरचं घर, टपावर दोन कयाक. आमच्या गल्लीच्या तोंडावर जलालभाईचं गॅरेज, आणि त्या गॅरेजात चाकावरचं घर उभंच होतं. एका जडीबुटीवाल्यासाठी जलालभाईनं जुन्या मॅटाडोरमध्ये दोन फळ्या, गॅसची शेगडी, पाण्याचा ड्रम आणि पडदा बसवला होता. जडीबुटीवाला परत आलाच नाही. ठरलं. शुक्रवार ते सोमवार रजा, इसापूर धरण, रविवारी लग्नाच्या वाढदिवशी नलू पाण्यावर.

"भाऊ, उलट्या बांधा," जलालभाई टपावर दोर आवळत म्हणाला. "तोंड वर ठेवलं का लोक त्यात काही बी टाकतेत. आपल्या लोकायले रिकामं भांडं पाहवत नाही."

"उलट्या बांधल्या तर सामान कशात ठेवायचं?" मी म्हणालो. (मीही आपल्याच लोकांपैकी.)

इसापूर यवतमाळच्या दक्षिणेला आहे, म्हणून आम्ही आधी उत्तरेला गेलो. नलूचं माहेर बाभुळगावला. माहेराला न सांगता ती धरणावर तर सोडाच, बाजारातसुद्धा जात नाही. माझे सासरे मारोतीबाबा आयुष्यभर कापूस पिकवलेला माणूस. डोळे मिटून मूठभर कापूस दाबतील आणि सांगतील, हा चांगला, हा ओला, ही कवडी. कवडी म्हणजे किडका, डागी, बोंडातच वाळलेला कापूस. त्यांच्या हातून चुकूनही कवडी सुटायची नाही. 'मंग तुमच्या वेळी बाबाच्या हाताले काय झालतं?' हा प्रश्न नलू वीस वर्षं विचारते आहे.

मारोतीबाबांनी गाडीभोवती एक चक्कर मारली. टपावर कयाक खडखड वाजत होत्या.

"हे रस्त्यानं असंच वाजन काय?"

"वाजेल थोडं."

"मंग भर न आत काही. यंदाचा थोडा कापूस पडला हाय घरात. हालणार नाही, वाजणार नाही. येतानी खाली करजा."

 दोन्ही कयाक काठोकाठ भरल्या. वरून साडी बांधली. आवाज बंद झाला. जलालभाईनं माझ्याकडे नुसतं पाहिलं आणि गिअर टाकला.

महागावजवळ गाडी थांबली. रस्ता बैलबंड्यांनी भरला होता. ती वर्षं तशीच होती. कापूस खरेदी केंद्रासमोर चार-चार दिवस बंड्या, ट्रॅक्टर, मॅटाडोर उभे. कधी पोत्यांचा बारदाना संपलेला, कधी काटा बंद, कधी कापसाची प्रत ठरवणारा ग्रेडर आलेला नाही. बैलांना कडबा टाकलेला, माणसं बंडीखाली आडवी. जलालभाईनं कडेकडेनं गाडी काढायला सुरुवात केली, तोच गळ्यात शिट्टी अडकवलेला एक माणूस आडवा आला.

"ओ! लायन सोडून कायले घुसवून राह्यले?"

"आम्ही लायनीत नाही," मी खिडकीतून म्हणालो. "धरणावर चाललो."

"वर काय हाय?"

"होड्या."

"होड्यायत?"

"कापूस."

"मंग?"

 

"तो विकायचा नाही हो. वाजू नये म्हणून भरला आहे."

आजूबाजूच्या बंड्यांवरून चाळीसेक डोकी वर झाली. कापूस वाजू नये म्हणून भरणारा माणूस त्यांनी त्या वर्षी पहिल्यांदाच पाहिला असावा. "चार दिवसांपासून आमी बसलो," एक जण म्हणाला, "अन हा गडी होडीत घालून पुढं नेऊन राह्यला!" त्याचं म्हणणं मला पटलं. त्यांच्या जागी मी असतो तर मीही शिट्टी वाजवली असती. शिट्टीवाल्यानं माझ्या हातात टोकन दिलं आणि आम्ही लायनीत लागलो. पाच मिनिटांत मागं सहा बंड्या येऊन उभ्या राहिल्या. आता मागंही जाता येईना.

"मी म्हणलं होतं, उलट्या बांधा," जलालभाई म्हणाला. त्यानं सीट मागं केली आणि टोपी डोळ्यांवर घेतली.

  तासाभरानं नलूनं मागची शेगडी पेटवली आणि चहा ठेवला. पुढच्या बंडीवर फुलसिंग आणि त्याची बायको बसंतीबाई होती. त्यांना चहा गेला. मग त्यांच्या पुढच्या बंडीला गेला. संध्याकाळपर्यंत आमची गाडी त्या लायनीतलं सार्वजनिक घर झाली. ड्रमचं पाणी बायाबापड्यांना, एक फळी बसंतीबाईला, दुसरी नलूला. मला विचारलं तेव्हा मी म्हणालो, मी कुठंही झोपेन. (असं वाक्य बोलण्याआधी माणसानं थंडी पाहून घ्यावी.) मी टपावर चढलो, एका कयाकमध्ये पाय सरकवले आणि छातीपर्यंत कापूस ओढून घेतला. सांगतो, इतकी ऊब मला घरच्या पलंगावर कधी मिळाली नव्हती.

शनिवारी लायन चार बंड्या सरकली. रविवारी काटा बंद. रविवारी आमच्या लग्नाला वीस वर्षं झाली. नलूनं सकाळी मला चहा दिला आणि म्हणाली, "घ्या. पुढच्या वर्षी जाऊ." ती रागानं बोलली असती तर बरं झालं असतं. ती साधं बोलली. मला खरोखर वाईट वाटलं. इसापूर तिथून फार तर दीड तास, आणि मी दोन होड्या घेऊन बैलांच्या मधे उभा.

दुपारी खाली बायकांची बैठक भरलेली होती. टपावर पडल्या पडल्या मला ऐकू येत होतं.

"येकदा बी नाही बसले?" बसंतीबाईनं विचारलं.

"नाही न वो. नागपूरले गेलतो तं फुटाणे दिले."

"वीस वर्सं?"

"वीस."

बसंतीबाईनं वर माझ्याकडे पाहिलं. ऐन पेरणीत शेतात मधेच बसलेल्या बैलाकडे पाहतात तसं. मी डोकं आत घेतलं.

सोमवारी, माझ्या रजेच्या शेवटच्या दिवशी, आमचा नंबर यार्डात लागला. आत कापसाच्या गंज्या उभ्या होत्या, दोन-दोन मजली, पांढऱ्या. जलालभाई टोकन घेऊन खिडकीवर गेला. मला वाटलं, अजून तासभर तरी लागेल. तीन दिवसांची झोप डोळ्यांवर होती. मी टपावर चढलो, कयाकमध्ये पाय सरकवले आणि ऊन लागू नये म्हणून कापूस डोक्यावरून ओढला.

पुढचं मला जागं झाल्यावर कळलं. हमालांनी आधी दुसरी कयाक उतरवली. ग्रेडरनं कापूस पाहिला, चांगला म्हणाला (मारोतीबाबांचा होता, चांगलाच असणार). कयाक रिकामी झाली. मग फुलसिंगनं हमालांना काहीतरी सांगितलं. ते त्यानं मला आजतागायत सांगितलं नाही. त्यानंतर हमालांनी माझी कयाक उतरवली. जड लागली असेल. पण कापूस ओला असला की जड लागतोच, हमाल त्याबद्दल बोलत नाहीत.

मला जाग आली ती तोंडावर कोणाचा तरी हात फिरला म्हणून. डिसेंबर असला तरी कापसाखाली मला दरदरून घाम आला होता.

"ओलावा जास्त," एक आवाज म्हणाला. ग्रेडर हातातल्या कागदावर लिहीत होता, पाहत नव्हता. हात वर सरकला आणि माझे केस मुठीत आले. "काळा कचरा." त्यानं ओढून पाहिलं. "निघत बी नाही."

"अहो!" मी ओरडून उठून बसलो.

ग्रेडर दोन पावलं मागं सरला. हमालांनी हातातलं टाकलं. तेवढ्यात माझं लक्ष समोर गेलं आणि मी ग्रेडरला विसरलो. सगळ्यांत उंच गंजीच्या टोकावर आमची दुसरी कयाक होती आणि कयाकमध्ये नलू बसली होती. पदर खोचलेला, दोन्ही हातांत वल्हं. मागून फुलसिंग आणि दोन हमाल कयाक धरून उभे. खाली बसंतीबाई आणि अख्खी लायन. नलूच्या चहूबाजूंनी पांढरा कापूस होता आणि ती हसत होती, तोंडावर हात न ठेवता. नागपूरच्या तलावावर ती अशी हसली असती. मला भरून आलं. बायको पाण्यावर बसली नाही, पण बसली, आणि मी नसतानाही बसली.

ग्रेडरला भरून आलं नव्हतं. त्यानं माझ्याकडे बोट केलं आणि यार्डभर ऐकू जाईल असं विचारलं, "हा माल कोणाचा?"

 मी बोललो नाही. मालानं बोलायचं नसतं.

"माहा हाय जी!" गंजीवरून नलूचा आवाज आला.

"कवडी हाय बाई. चालत नाही. वापस न्या."

नलूनं वल्हं आडवं धरलं. तिनं मला कयाकमध्ये बसलेलं पाहिलं, केसांत, मिशीत, कानांत कापूस. 

"वापस न्याले तं वीस वर्षांपासून तयार हाय, साहेब," ती म्हणाली. "पण बाबा घेत नाहीत!"

अख्खी लायन हसली. चार दिवस बारदाना नसलेली, काटा बंद असलेली लायन, बंड्यांच्या दांड्या धरून हसली. जलालभाई खिडकीवरून टोकन हलवत हसत होता. फुलसिंगनं धक्का दिला आणि नलू वल्हं मारत, किंचाळत, गंजीवरून खाली सुटली. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

 मी कयाकमध्ये परत आडवा झालो आणि कापूस अंगावर ओढून घेतला. या वेळी जलालभाईचं ऐकलं. तोंड खाली ठेवलं.